कॅराव्हॅनमधील सरकती खोली

सरकती खोली, अर्थात स्लाइड-आउट, हा कॅराव्हॅन किंवा मोटरहोम प्रकारच्या निवासी वाहनाच्या भिंतीतून बाहेर सरकणारा पेटीसारखा भाग होय. वाहन चालू असताना ही पेटी आत असते आणि तिची बाहेरची भिंत वाहनाच्या अंगाशी जवळजवळ समपातळीत बसते. मुक्कामी थांबल्यावर ती विजेच्या मोटरीने, तेलाच्या दाबाने किंवा क्वचित हाताने बाहेर ढकलली जाते. काडेपेटीच्या वेष्टनातून आतला खण सरकावा तशी ही रचना असते. फरक इतकाच की येथे खण पूर्ण बाहेर पडत नाही आणि त्याच्यावर पलंग, सोफा, कपाट, कधी कधी स्वयंपाकाचा ओटादेखील असतो.

या रचनेमागील कारण साधे आहे. रस्त्यावरील वाहनाच्या रुंदीवर जवळपास प्रत्येक देशात कायद्याने मर्यादा घातलेली असते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार ही मर्यादा २.६ मीटर आहे. अमेरिकेतील १०२ इंचांची मर्यादाही जवळजवळ तेवढीच भरते. भिंतींची जाडी वजा केल्यास आत सुमारे २.४ मीटर रुंदी उरते. दोन्ही बाजूंना सामान मांडल्यावर मधून एकाच माणसाला जाता येईल इतकी वाट राहते. भिंतीचा ३.६ मीटर लांबीचा भाग ०.९ मीटर बाहेर सरकवला तर सुमारे ३.२ चौरस मीटर, म्हणजे ३५ चौरस फूट जागा वाढते. आकडा लहान दिसतो; परंतु ही सर्व जागा मधल्या मोकळ्या वाटेला मिळत असल्याने बोळाची खोली होते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. सरकती खोली म्हणजे धावत्या घराच्या भिंतीला मुद्दाम पाडलेले मोठे भगदाड होय. ते बंद ठेवण्याचे काम रबराच्या काही पट्ट्यांवर सोपवलेले असते. या खोलीच्या देखभालीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

इतिहास

वाहन थांबल्यावर मोठे करण्याची कल्पना मोटारगाडीच्या बालपणाइतकीच जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील गुस्ताव्ह ब्रेटव्हिल यांनी १९१५-१६ च्या सुमारास फोर्ड मॉडेल टी गाडीच्या मागील भागात बसवता येईल असा, दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकातून एक निघणारा निवासी कप्पा तयार केला होता. पुढे अमेरिकी सैन्याच्या दुरुस्तीच्या व कार्यालयीन कामाच्या ट्रकांत दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर पसरणारी रचना वापरली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास ओढून नेण्याच्या घरांतही बाहेर सरकणारे अथवा कलंडून उघडणारे भाग दिसू लागले.

आजच्या अर्थाने पर्यटनाच्या वाहनात ही रचना रुळवण्याचे श्रेय इंडियाना राज्यातील नॅपनी येथील न्यूमार या कंपनीला दिले जाते. तिने १९९० मध्ये आपल्या वाहनांत स्लाइड-आउट आणले. पुढील दशकभरात इतर उत्पादकांनी त्याचे अनुकरण केले आणि एकाच वाहनात दोन, तीन, चार सरकत्या खोल्या येऊ लागल्या.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात ही रचना घरगुती कॅराव्हॅनपेक्षा इतर वाहनांतून अधिक परिचित आहे. क्रिकेट सामन्यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनपैकी मोठ्या व्हॅनना मैदानाबाहेर उभ्या केल्यावर बाजूला सरकणारा कक्ष असतो. निर्मात्यांना व तंत्रज्ञांना पडद्यांच्या भिंतीसमोर बसण्यास त्यामुळेच जागा मिळते. प्रदर्शनाच्या फिरत्या गाड्या व काही फिरते दवाखाने हेही याच कुळातील.

दुसरे उदाहरण चित्रपटसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅनचे आहे. हिंदी चित्रपटसृष्टीत अशा गाड्या १९९० च्या दशकाच्या आरंभी रुळवण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लाँ यांना दिले जाते. बहुतेक व्हॅनिटी व्हॅन आजही सरळ भिंतींच्याच असतात. वाहन-अभिकल्पक दिलीप छाब्रिया यांनी अभिनेता शाहरुख खान यांच्यासाठी व्होल्वो बसच्या सांगाड्यावर केलेली व्हॅन, तिच्या बाहेर सरकणाऱ्या भागामुळे वृत्तपत्रांतून बरीच गाजली. कोल्हापूरलगत मोरेवाडी येथे कोल्हापूर चित्रनगरी असल्याने व्हॅनिटी व्हॅन या भागालाही अपरिचित नाही.

पर्यटनाच्या अंगाने पाहता महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात कॅराव्हॅन उभ्या करण्याची पार्क आणि प्रत्यक्ष कॅराव्हॅन अशी दोन अंगे धरलेली आहेत. अशी वाहने येथे बहुधा बस किंवा हलक्या व्यापारी वाहनाच्या सांगाड्यावर बांधली जातात. भारतीय वाहन उद्योग मानकांपैकी एआयएस-१२४ हे मानक मोटर कॅराव्हॅनसाठी आहे.

येथे एक कायदेशीर मुद्दा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जुन्या बसची बाजू कापून तीत सरकती खोली बसवणे हा असाच बदल ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी बसच्या बाजूच्या भिंती केवळ आडोसा नसतात; खांब, पट्ट्या व पत्रा मिळून त्या सांगाड्याला पीळ पडू देत नाहीत. मधले खांब काढल्यास उघड्या जागेभोवती मजबूत चौकट आणि वर तुळई द्यावी लागते. हा हिशेब अभियंत्याने करावयाचा असतो, वेल्डरच्या अंदाजावर सोडावयाचा नसतो.

रचना आणि कार्य

पेटीला तळ, छत, बाहेरची भिंत आणि दोन आखूड बाजू असतात. वाहनाच्या आतील बाजूस ती उघडी असते. बाहेरच्या भिंतीच्या कडा पेटीपेक्षा चोहोबाजूंनी थोड्या मोठ्या असतात. पेटी आत आली की ही किनार वाहनाच्या भिंतीवर दाबून बसते. उघड्या तोंडाभोवतीही आतून अशीच किनार असते. पेटी पूर्ण बाहेर गेली की ती आतील बाजूने भिंतीवर टेकते. म्हणजे खोली पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असली तरच सील नीट दाबले जाते. अर्धवट उघडी खोली पावसाला, धुळीला आणि उंदरांना सारखीच मोकळी असते. जागा अपुरी आहे म्हणून ती निम्मी उघडून रात्र काढणे योग्य नव्हे.

सीलचे दोन प्रकार असतात. एक पोकळ व फुगीर रबराचे असते. ते दाबले जाऊन फट बुजवते. दुसरे जिभेसारखे पातळ असते आणि पेटी सरकताना तिच्या पृष्ठभागावरील पाणी व कचरा निपटून काढते. मोटारीच्या काचेवरील वायपरशी त्याचे साम्य असल्याने त्याला वायपर सील म्हणतात.

पेटी सरकवण्याच्या चार पद्धती विशेष प्रचलित आहेत. सर्वांत समजण्यास सोपी पद्धत दातेरी पट्टी व दातेरी चाकाची होय. वाहनाच्या सांगाड्याखालून दोन पोलादी भुजा बाहेर येतात. त्यांच्या अंगावरील दातेरी पट्टीत लहान गिअर फिरतो. १२ व्होल्टची एक मोटर आडव्या दांड्यामार्फत दोन्ही गिअर एकाच वेळी फिरवते, त्यामुळे पेटीची दोन्ही टोके बरोबरीने सरकतात. मोटर व दांडा यांच्या जोडणीत बहुधा एक नरम पिन असते. पेटी अडकली तर आधी ही पिन तुटावी आणि गिअर वाचावा, हा तिचा उद्देश असतो.

हायड्रॉलिक पद्धतीत मोटरीच्या जागी पंप आणि सिलिंडर येतात. ही रचना जड पेट्यांसाठी सोयीची असते. एकाच पंपावर अनेक खोल्या आणि वाहन समतल करणारे जॅकही चालवता येतात. तिसऱ्या पद्धतीत पोलादी तारांचे दोर कप्प्यांवरून फिरतात आणि पेटीला चारही कोपऱ्यांशी ओढतात. चौथी पद्धत भिंतीतल्या रुळांची असून श्विंटेक या नावाने ती ओळखली जाते. तीत भुजा नसतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे दातेरी रूळ असतात व प्रत्येक बाजूस स्वतंत्र लहान मोटर असते. वजन आणि जागा वाचते, पण दोन मोटरींना जोडणारा दांडा नसल्याने त्यांची बरोबरी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने राखावी लागते. तो प्रत्येक मोटरीचे फेरे मोजतो. एक मोटर मागे पडली तर पेटी तिरकी होऊन अडकते.

पेटीचे वजन आतील सामानासह काहीशे किलोग्रॅम असते. समजा ८,००० किलोग्रॅमच्या वाहनातील ५०० किलोग्रॅमची पेटी ०.९ मीटर बाहेर गेली. साध्या गुणाकार-भागाकाराने संपूर्ण वाहनाचा गुरुत्वमध्य त्या बाजूस सुमारे ५.६ सेंटिमीटर सरकतो. वाहन उलटण्याइतके हे नाही. मात्र स्प्रिंगांवर उभे असलेले वाहन त्या बाजूला किंचित झुकते आणि जॅकखालची जमीन भुसभुशीत असेल तर रात्रीतून आणखी झुकते. उसाच्या शेताकडेच्या काळ्या जमिनीवर पावसाळ्यात वाहन उभे करणाऱ्याने जॅकखाली जाड फळ्या घालणे आवश्यक ठरते.

उघडण्यापूर्वी

बहुसंख्य अपघात आणि बिघाड बटण दाबण्याआधीच्या दुर्लक्षातून होतात. पेटीच्या वाटेत आत खुर्ची, उघडा खण, चप्पल, पाण्याची बाटली असे काहीही असता कामा नये. बाहेर झाडाची फांदी, विजेचा खांब, शेजारचे वाहन किंवा दगडी कुंपण यांच्यापासून पुरेसे अंतर हवे. हे अंतर नजरेने न ठरवता एका काठीवर पेटीच्या पल्ल्याची खूण करून मोजणे बरे. पेटी हलत असताना एका व्यक्तीने बाहेर उभे राहून लक्ष ठेवावे. मोटरीला समोर मूल आहे की उशी, हे कळत नाही. काही नियंत्रक विद्युतप्रवाह वाढताच थांबतात, परंतु ती सोय यंत्रणेच्या रक्षणासाठी असते. माणसाच्या बोटांच्या रक्षणासाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

प्रवासात पेटी आपोआप बाहेर येऊ नये म्हणून काही वाहनांत अडसर किंवा कुलूप-दांडे असतात. ते न काढता बटण दाबले की काही सेकंदांत भुजा वाकते किंवा पिन तुटते. याउलट निघताना ते लावण्याचे विसरले तर वळणाच्या घाटात पेटी बाहेर सरकण्याचा धोका राहतो. मोटरहोममध्ये हँडब्रेक लावल्याखेरीज खोली उघडू नये अशी विद्युत योजना बहुधा केलेली असते. ती निकामी करून ठेवू नये.

वाहन समतल असणे का महत्त्वाचे, हे आकड्यांत पाहता येते. ५०० किलोग्रॅमच्या पेटीला एक अंशाच्या चढावर ढकलण्यास घर्षणाखेरीज सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतका जादा जोर लागतो, पाच अंशांच्या चढावर सुमारे ४४ किलोग्रॅमइतका. याहून वाईट परिस्थिती वाहन पुढे-मागे कलते असण्याची. तेव्हा पेटी आपल्या लांबीच्या दिशेने घसरू पाहते, एका भुजेवर जास्त भार येतो आणि पेटी चौकटीत तिरकी रुतते. वाहन आधी समतल करावे की आधी खोली उघडावी, याबाबत उत्पादकांचे निर्देश वेगवेगळे असल्याने आपापल्या वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणे वागणे हाच मार्ग होय.

पाणी

सरकत्या खोलीचा खरा शत्रू पाणी आहे. मोटर बिघडली तर ती ताबडतोब कळते. पाणी मात्र वर्षानुवर्षे गुपचूप काम करते.

३.६ मीटर लांब व ०.९ मीटर रुंद छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३२ लिटर पाणी जमा होते, १०० मिलिमीटर पडला तर सुमारे ३२४ लिटर. गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील, गांधीनगर व उजळाईवाडी विमानतळाच्या परिसरातील गाव उदाहरणादाखल घेतले तर तेथून वाहन दोन अगदी भिन्न हवामानांत जाऊ शकते. कोल्हापूर शहराच्या आसपास वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस दीड-दोन तासांच्या अंतरावरील गगनबावड्यात तो त्याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. करूळ घाटाने कोकणात उतरणाऱ्या वाहनाला जून ते सप्टेंबरमध्ये दिवसेंदिवस न थांबणारा, वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस सोसावा लागतो. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या पठारांवर जी सील पुरेशी ठरतात, त्यांची येथे कसोटी लागते.

छतावरील पाणी वायपर सीलने बहुतांशी अडवले जाते, पण त्यासाठी ते पेटीवर सर्वत्र टेकलेले असावे लागते. पाने, फुले, काड्या यांचा थर छतावर राहिला तर पेटी आत येताना तो सीलखाली अडकून फट पडते. कोल्हापूर भागात गळीत हंगामात साखर कारखाने व गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून उडणारी चिपाडाची काळी राखही यात भर घालते. ओली झाल्यावर ती सीलच्या कडेला चिखलासारखी बसते. म्हणून खोली आत घेण्याआधी शिडीवरून छत झाडणे हा नियम ठेवावा. पावसात हे शक्य नसेल तर निदान पाणी ओघळून जाऊ द्यावे. छताला किंचित उतार मिळेल अशा रीतीने त्या बाजूचे जॅक थोडे खाली घेतल्यास मदत होते, मात्र पेटी हलवण्यापूर्वी वाहन पुन्हा समतल करणे विसरू नये.

अनेक वाहनांत पेटीच्या छतावर गुंडाळणारे कापडी आच्छादन असते. खोली बाहेर जाताना ते आपोआप उलगडते. ते कचरा अडवते, परंतु मुसळधार पावसात त्याच्या मध्यभागी पाण्याचा फुगवटा तयार होतो. असे पाणी साचलेले असताना खोली आत घेतली तर कापड फाटते किंवा सगळे पाणी सीलवर एकदम लोटते. आधी लांब काठीने ते खालून उचलून पाणी काढावे. घरची ताडपत्री वरून बांधून काम भागवणारेही असतात. ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग व सील घासते, तरीही दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी ती अगदीच वाईट नाही.

आत शिरलेले पाणी बहुधा वरून दिसत नाही. ते बाजूच्या भिंतीने ओघळून तळाच्या बाहेरील कोपऱ्यात साठते. तेथे तळ प्लायवूडचा किंवा दाबलेल्या लाकडी तुकड्यांच्या फळीचा असतो. त्याची उघडी कड पाणी शोषते, फुगते आणि पुढे कुजते. तोवर वरचा गालिचा किंवा विनाइल अगदी कोरडे असू शकते. तळ कुजल्यावर भुजांचे बोल्ट सैल होतात, पेटी खाली झुकते, सील आणखी उघडते आणि अधिक पाणी येते. हे चक्र सुरू झाल्यावर सील बदलणे पुरत नाही, तळच बदलावा लागतो. म्हणूनच पावसाळ्याआधी व नंतर वाहनाखाली शिरून तळाच्या चारही कडा अंगठ्याने दाबून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त तपासणी होय. मऊ लागणारी, काळी पडलेली किंवा पापुद्रे सुटलेली जागा दिसल्यास ती झाकू नये, उघडून वाळवावी.

गळती दिसताच सरकत्या सांध्यात सिलिकॉनची पिचकारी मारण्याचा मोह टाळावा. सिलिकॉन लेप स्थिर सांध्यासाठी असतो. सरकत्या सांध्यात भरलेला लेप पहिल्याच हालचालीत फाटतो आणि सोबत सीलही उपटतो.

सील व वंगण

या सीलसाठी पुष्कळदा ईपीडीएम रबर वापरतात. ऊन आणि पाऊस ते चांगले सोसते, पण खनिज तेलाने ते फुगते व मऊ पडते. त्यामुळे इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल किंवा रॉकेल सीलला लावू नये. साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून कोरडे केल्यावर रबरासाठीचा सिलिकॉनयुक्त द्रव पातळसर लावावा. वर्षातून तीन-चार वेळा हे केल्यास सील लवचीक राहते. कोपऱ्यात दुमडलेले सील हाताने सरळ करावे. पेटी आत येताना जीभ आतल्या बाजूस व बाहेर जाताना बाहेरच्या बाजूस वळली आहे का, हे पाहावे. तडे गेलेले, चपटे राहिलेले अथवा स्पर्शाला कडक लागणारे सील बदलण्यास झाले असे समजावे.

धातूच्या भागांना वेगळे वंगण लागते. दातेरी पट्टी, रूळ आणि रोलर उघड्यावर असतात. चिकट ग्रीस तेथे धूळ धरून ठेवते. ती धूळ पॉलिश पेपरप्रमाणे दाते घासते. म्हणून कोरडा पातळ थर सोडणारे टेफ्लॉनयुक्त फवारे वापरण्याची शिफारस केली जाते. आधी कुंचल्याने घाण काढावी, मग फवारा मारावा. भिंतीतल्या ॲल्युमिनियम रुळांना हेही अगदी बेताने लागते. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्यासारख्या किनारी मुक्कामानंतर पोलादी भुजा गोड्या पाण्याने धुवून वाळवाव्यात, अन्यथा खारी हवा महिन्याभरात गंजाची सुरुवात करते.

वीज

खोली हळू सरकू लागली की मोटर खराब झाली असा निष्कर्ष सहसा काढला जातो. पुष्कळदा दोष बॅटरीत किंवा तारेत असतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, पण भार पडल्यावर ती किती टिकते हे महत्त्वाचे. समजा मोटर ३० अँपिअर प्रवाह घेते आणि तिच्यापर्यंत जाऊन परत येणारी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एकूण १० मीटर आहे. केवळ तारेतच सुमारे ०.८६ व्होल्ट खर्च होतो. त्यात सैल टर्मिनल आणि गंजलेली अर्थची जोडणी यांची भर पडली की मोटरीला ११ व्होल्टही मिळत नाहीत. भिंतीतील रुळांच्या यंत्रणेत दोन बाजूंना वेगळा दाब मिळाल्यास पेटी तिरकी होते. मल्टिमीटर मोटरीच्या टोकांना लावून खोली हलत असताना मोजणी करावी. उभ्या स्थितीतील बॅटरीचा आकडा येथे काहीच सांगत नाही.

बटण मधेच सोडून पुन्हा दाबणे, पेटी मागेपुढे हलवून पाहणे हा खेळ टाळावा. प्रत्येक हालचाल शेवटपर्यंत न्यावी. भिंतीतील रुळांच्या यंत्रणेत पेटी पूर्ण बाहेर नेऊन मोटर स्वतःहून थांबेपर्यंत बटण दाबून धरल्यास नियंत्रक दोन्ही बाजू पुन्हा जुळवून घेतो.

बिघाड आणि दुरुस्ती

मोटर फिरते पण पेटी हलत नाही, असे असेल तर नरम पिन तुटली असण्याची शक्यता मोठी. मोटर गुणगुणते आणि फिरत नाही, तर पेटी अडकली आहे किंवा विद्युतदाब कमी आहे. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, हँडब्रेकची कळ आणि बटण या क्रमाने पाहावे. एक टोक पुढे व दुसरे मागे राहिले तर लगेच थांबावे. जोर लावल्यास चौकट वाकते. हायड्रॉलिक यंत्रणेत खोली आपोआप इंच-दोन इंच सरकते तेव्हा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरमधून तेल निसटत असते. तेलाची पातळी सर्व खोल्या व जॅक आत असतानाच तपासावी, कारण ते बाहेर असताना टाकीतील तेल सिलिंडरांत गेलेले असते आणि पातळी खोटी कमी दिसते. त्या आकड्यावर विसंबून तेल भरले की खोल्या आत येताना टाकी उतू जाते. तेल कोणते हे पुस्तिकेत पाहावे. अनेक पंपांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालते, ब्रेक ऑइल चालत नाही.

भारतात या यंत्रणांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. कोल्हापूर परिसरात मात्र एक अनुकूलता आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमुळे फाउंड्री, लेथ आणि गिअर कापणारी कारखानदारी येथे हाताशी आहे. झिजलेले बुश, रोलर, दांडा किंवा प्रसंगी दातेरी चाकसुद्धा नमुन्यावरून करून घेता येते. नियंत्रकाचे बोर्ड आणि विशिष्ट आकाराची सील यांना हा उपाय नाही. ती आधीच जवळ बाळगावीत. नमुन्यावरून भाग करून घेताना एक सूचना कारागिराला स्पष्टपणे द्यावी लागते. तुटलेली पिन पाहिली की चांगला कारागीर ती अधिक कठीण पोलादाची करून देतो, कारण त्याच्या दृष्टीने तुटणे म्हणजे दोष. या जागी मात्र पिनचे तुटणे हेच तिचे काम आहे. कठीण पिन घातल्यास पुढच्या वेळी गिअरचे दाते किंवा भुजेचे वेल्डिंग तुटते.

हाताने आत घेणे

वीज पूर्ण बंद पडली तरी खोली आत घेता आली पाहिजे, कारण ती बाहेर असताना वाहन हलवता येत नाही. दातेरी यंत्रणेत मोटरीच्या मागे किंवा आडव्या दांड्याच्या टोकाला षट्कोनी नट असतो. मोटरीचा ब्रेक सोडून तो पान्याने किंवा हँडलने फिरवावा लागतो. हायड्रॉलिक पंपाला व्हॉल्व्हची दिशा बदलून ड्रिलने फिरवण्याची सोय असते. भिंतीतील रुळांच्या यंत्रणेत दोन्ही बाजूंच्या मोटरी सोडवून पेटी बाहेरून माणसांनी समान जोराने ढकलावी लागते. चार जण दोन्ही टोकांशी उभे राहिले तर काम होते, एकाच टोकाशी उभे राहिले तर पेटी रुतते. ढकलून झाल्यावर मोटरी पुन्हा जोडाव्यात किंवा पेटी आतून पट्ट्यांनी बांधावी, नाहीतर पहिल्याच वळणावर ती बाहेर येईल. हा नट कोठे आहे, त्याला कोणता पाना लागतो आणि तो पाना वाहनात आहे का, हे वाहन ताब्यात घेतल्याच्या दिवशी उजेडात पाहून ठेवावे.

जुने वाहन तपासताना

वापरलेले कॅराव्हॅन घेताना खोली एकदा उघडून दाखवली की समाधान मानू नये. ती तीन वेळा पूर्ण बाहेर व आत न्यावी. तिसऱ्या वेळी वेग पहिल्याइतकाच राहिला पाहिजे. पेटी बंद असताना आत दिवे मालवून बाहेरून कडेकडेने टॉर्च फिरवावा. जेथून उजेड दिसतो तेथून पाणीही येते. बाहेरच्या किनारीचे चौकटीशी अंतर चारही कोपऱ्यांत सारखे आहे का, हे पाहावे. आतील कपाटांचे खालचे कोपरे उघडून वास घ्यावा. कुबट वास, नव्याने चिकटवलेला वॉलपेपर आणि एकाच कोपऱ्यापुरता बदललेला गालिचा या तीन खुणा एकत्र दिसल्या तर तळाखाली शिरून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. तपासणी शक्यतो पावसाळ्यात, दोन दिवस भिजलेल्या वाहनाची करावी. मे महिन्यात सगळीच सील चांगली दिसतात.